"एक नंबर घोडा" म्हणण्याआधी

घोडा पाळणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारं वाक्य कुठलं असेल तर ते "घोडा एक नंबर आहे शेठ". विकणारा म्हणतो, नालबंद म्हणतो, ट्रेनर म्हणतो, फोटो काढायला आलेले पाहुणे म्हणतात, रील टाकलं की अनोळखी पोरं शेकड्याने म्हणतात. आणि डॉक्टरही म्हणतात, कारण मालकाने लांबून गाडी पाठवून बोलावलेलं असतं, चहा-नाश्ता झालेला असतो, घोड्याला सकाळीच खरारा करून, शेपटी धुवून, नवी मोरखी चढवून उभा केलेला असतो आणि सगळं घरदार कौतुकाने तुमच्या तोंडाकडे बघत असतं. अशा वेळी "याचे पुढचे पाय मला बरे वाटत नाहीयेत" हे वाक्य तोंडातून काढणं फार जड जातं. पण तेच बोलायला मला बोलावलंय असं मी मानते.

मी पशुवैद्यक आहे, आणि माझं बरंचसं काम नाशिक, नगर, पुणे या पट्ट्यातल्या घोड्यांवर चालतं. यात लग्नाच्या घोड्या आल्या, बागायतदारांचे हौसेचे मारवाडी आणि काठेवाडी आले, फार्महाऊसवरचे घोडे आले, कधीमधी धनगरांची तट्टंही आली. ही भीमथडीची तट्टं मला मनापासून आवडतात, बुटकी, काटक, पाठीवर बिऱ्हाड घेऊन मैलोनमैल चालणारी, आणि त्यांचे मालक जनावराबद्दल जेवढं सरळ बोलतात तेवढं फार थोडे बोलतात. "ही आता थकली, हिच्यावर ओझं नाही टाकत" असं धनगर म्हातारा सहज सांगून जातो. त्याचं पोटच त्या तट्टावर आहे ना, स्वतःला फसवून त्याला चालणारच नाही.

बाकी ठिकाणी मात्र घोडा म्हणजे प्रतिष्ठा. आणि प्रतिष्ठेच्या गोष्टीत खोट काढलेली कुणाला आवडत नाही.

यात घोड्याची अडचण अशी की तो स्वतः सांगत नाही. शिकार होणाऱ्या जनावराची जात आहे ती, कळपात जो लंगडताना दिसतो त्याच्यावर वाघ-लांडगा आधी पडतो, त्यामुळे दुखणं लपवणं हे त्याच्या रक्तातच आहे. कुत्र्याच्या पायावर पाय पडला तर तो केकाटतो, घोडा मुकाट्याने वजन दुसऱ्या पायावर घेतो आणि चारा खात राहतो. मालकाला वाटतं खातोय म्हणजे ठणठणीत आहे. खरं तर त्याच्या चेहऱ्यावर दिसत असतं, कान ताठ मागे वळलेले, डोळा थोडा मिटलेला, नाकपुड्या ताणलेल्या, जबड्याचा स्नायू आवळलेला. 2014 मध्ये संशोधकांनी अशा सहा खुणांवरून घोड्याचं दुखणं मोजायची पट्टीच तयार केली. पुढे 2018 मध्ये स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वार बसलेला असताना घोडा जे चोवीस प्रकारचे हावभाव करतो त्यांची यादी मांडली, शेपूट सारखी झटकणं, तोंड वासणं, डोकं उडवणं वगैरे, आणि त्यातले आठ किंवा जास्त दिसले तर त्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता फार मोठी. आपल्याकडे यातल्या अर्ध्या गोष्टींना "घोडा मस्तीत आहे" म्हणतात.

सारंगखेड्याचा बाजार जवळ आला की मला एक ठरावीक प्रकारचा घोडा बघायला मिळतो. सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला भरणारी, आणि तिथला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध. बाजाराच्या आधी दोन-तीन महिने घोडा "भरायला" घेतात. भिजवलेला हरभरा, जव, गूळ, तूप, दूध, काही ठिकाणी अंडी, आणि काम काहीच नाही, दिवसभर आगाडी-पिछाडी बांधून उभा. अंग गोल होतं, कातडी आरशागत चमकते, मानेवर चरबीची जाड कड येते आणि मालकाची छाती फुगते. भाव चमकेवर ठरतो हे त्याला पक्कं माहीत असतं आणि त्यात त्याचं काही खोटं नाही, बाजार तसाच आहे.

अशाच एका ऊसवाल्या बागायतदारांनी मला त्यांच्या घोड्याला "ताकदीचं इंजेक्शन" द्यायला बोलावलं होतं. काळा मारवाडी, चारी पाय पांढरे, तोंडावर पट्टा, म्हणजे पंचकल्याण, गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, कानाची टोकं एकमेकांना भिडलेली. दिसायला खरंच देखणा. पण उभा कसा होता तर पुढचे दोन्ही पाय थोडे पुढे टाकून आणि अंगाचा भार मागच्या पायांवर घेऊन, आणि थोड्या थोड्या वेळाने पुढचा एक पाय उचलून परत ठेवत होता. मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाला, म्हटलं जरा फरशीवर वळवून आणा, तर वळताना घोडा पाय उचलून टाकेना, घासत घासत वळला. मोतद्दाराने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. त्याला माहीत होतं. मोतद्दारांना जवळजवळ नेहमीच माहीत असतं, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

मी मालकांना लगेच काही बोलले नाही. मी त्यांना म्हटलं, दादा, जरा इकडे या, हात द्या. त्यांचा तळवा घोड्याच्या पुढच्या खुरावर ठेवला. मग मागच्या खुरावर. पुढचा गरम होता, त्यांना कळलं. मग त्यांची दोन बोटं घोट्याच्या मागच्या बाजूला, जिथे शीर जाते तिथे हलकेच ठेवायला लावली. निरोगी घोड्याची ही नाडी शोधावी लागते, कित्येकदा सापडतच नाही. इथे ती बोटांवर ठोके मारत होती. दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, "डॉक्टरताई, एवढं खाऊ घालतो, आजारी पडेल कसा?"

आता सांगायला जागा झाली होती. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, निसर्गाने त्याला दिवसभर थोडं थोडं गवत चरायला बनवलेलं. एकदम पोटभर हरभरा-जव घातले की त्यातला स्टार्च पूर्ण पचत नाही, तसाच मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो, तिथले जंतू बिघडतात, आणि दुसऱ्या बाजूने गुळासाखरेने आणि चरबीने रक्तातलं इन्सुलिन चढतं, या सगळ्याचा फटका बसतो तो खुराला. खुराच्या आत जे हाड असतं ते खुराच्या भिंतीला अतिशय बारीक पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं असतं, घोड्याचा सगळा भार त्या पापुद्र्यांवर टांगलेला असतो, ते सुजले आणि सुटायला लागले की हाड आतल्या आत फिरतं, खाली सरकतं, आणि फार झालं तर तळव्यातून बाहेर येतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. जगातल्या कुठल्याही घोड्याच्या डॉक्टरला विचारा, हे दुखणं किती भयंकर असतं ते सांगतील.

मी त्यांना सरळ सांगितलं, की हे प्रेमाने घातलेलं आहे हे मला दिसतंय, पण हाच खुराक त्याच्या पायाला लागलाय, आज चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, आणि गूळ बंद, फक्त भिजवून निथळलेलं वाळकं गवत, पायाखाली मऊ जाड अंथरूण, खुराला बर्फ, आणि बाजाराला नेऊ नका. ताकदीचं इंजेक्शन मी देणार नाही. शेवटचं वाक्य त्यांना सगळ्यात जास्त लागलं. "बाजाराला न्यायचाच नाही? बोली झालीय ताई." त्यांचा भाऊ बाजूलाच होता, तो तर म्हणाला मॅडमची नजर लागायची घोड्याला. मी गप्प राहिले आणि दादांना म्हटलं, परवा याच वेळी परत तुम्ही स्वतः बोटं लावून बघा आणि मला फोन करा. त्यांनी केला. घोडा त्या वर्षी सारंगखेड्याला गेला नाही.

यातून मला एक गोष्ट पक्की पटलीय. तोंडाने सांगितलेलं खरं मालकाला आरोप वाटतं, आणि त्याच्याच बोटांना लागलेलं खरं त्याचं स्वतःचं होतं. म्हणून मी शक्यतो घोड्याच्या शेजारी उभं राहूनच बोलते, ओसरीवर बसून नाही, फोनवर तर नाहीच. आणि चारचौघांत कधीच नाही. बागायतदार माणसाला त्याच्या पाहुण्यांसमोर "तुम्ही घोड्याचे हाल केलेत" असं म्हटलं की तो पुढच्या वेळेला मला बोलावणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी बोलावेल जो इंजेक्शन देऊन जाईल. माझा राग निघेल, आणि घोड्याकडे जाणारं एक माणूस कमी होईल. प्राणिमित्र मंडळी, ज्यांच्याबद्दल मला आदरच आहे, त्यांना हे मी नेहमी सांगते. मालकाला कसाई म्हणून मोकळं होणं सोपं आहे. दावं शेवटी त्याच्याच हातात राहतं.

पण गोड बोलायचं म्हणून खरं पातळ करायचं हेही मला मान्य नाही. काही गोष्टी आहेत ज्या मऊ शब्दांत सांगताच येत नाहीत. काटेरी लगाम ही त्यातली एक.

घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे एक मोकळी जागा असते, तिथे लगामाची कडी बसते. तिथे मांस नसतंच, आपल्या नडगीसारखं पातळ कातडीखाली लगेच हाड. नाचाच्या घोड्यांना, वरातीच्या घोड्यांना जो काटेरी, दातेरी लगाम घालतात तो नेमका या हाडावर बसतो. मी तोंडं उघडून बघते तेव्हा काहींच्या जिभेवर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा असतात, काहींचं ते हाड खडबडीत झालेलं असतं, बोट फिरवलं तर हाताला लागतं. आणि हे 1965 पासून बेकायदा आहे बरं का. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी जे नियम झाले त्यात काटेरी लगाम, काटेरी काठी, टोकदार साज, सगळ्याला स्पष्ट मनाई आहे. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, 37 अंशांवर पारा गेला तर दुपारी बारा ते तीन काम नको असंही लिहिलंय. किती मालकांना हे माहीत असतं? मी सांगते तेव्हा बहुतेकांना पहिल्यांदाच कळतं. साठ वर्षांपूर्वीचा नियम आहे हा.

"काटेरी नसला तर आवरत नाही ताई" हे उत्तर ठरलेलं. त्यावर मी म्हणते तोंड उघडा, आधी दाढा बघू. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि चावून चावून झिजतात, पण झिजताना वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड धारदार होते, गालाला आणि जिभेला कापते. असा घोडा लगाम लागला की डोकं उडवणारच. घास चावून चावून गोळा करून खाली टाकणं, डोकं वाकडं करून खाणं, शेणात अख्खे दाणे दिसणं, ही त्याची लक्षणं. दाढा घासून घेतल्या, साधा गुळगुळीत लगाम घातला, आणि "बदमाश" घोडा शहाणा झाला असं मी कितीतरी वेळा बघितलंय.

नाचाबद्दलही हेच. ज्या शिंगराचे अजून दुधाचे दात आहेत त्याला मागच्या पायांवर उभं करायला शिकवतात. घोड्याचे पुढचे पहिले दोन दात पडून पक्के येतात ते साधारण अडीच वर्षांना, आणि पाठीच्या मणक्यांची हाडं पूर्ण जुळायला पाच-साडेपाच वर्षं जातात. म्हणजे दोन दातीही नसलेल्या शिंगरावर वजनदार माणूस बसवून त्याला नाचवतो तेव्हा आपण त्याची पुढची सगळी वर्षं आजच खर्च करतो. मग आठव्या-नवव्या वर्षी तो "अचानक" लंगडतो. अचानक काही नसतं त्यात.

लग्नाच्या घोडीवाल्याशी मात्र वेगळंच बोलावं लागतं, आणि इथे मला सगळ्यात जास्त त्रास होतो. कारण त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे नवीन काही नसतं. एका घोडीच्या मानेच्या मुळाशी, जिथे मान पाठीला मिळते त्या उंचवट्यावर, जीन घासून जखम झाली होती, वरून हळद-तेल लावून झाकलेली. मी जीन उचललं तसा तो म्हणाला, "ताई मला माहितीये. पण या पंधरवड्यात मुहूर्त आहेत, नंतर काहीच नाही, पावसाळाभर हिलाही खायला घालायचंय आणि पोरांनाही." काय बोलणार? घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के तरी सुका चारा लागतो, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला पाच ते सात किलो, बारा महिने, काम असो नसो. हा हिशेब तो माझ्यापेक्षा चांगला करतो.

अशा माणसापुढे "जखम बरी होईपर्यंत काम बंद" एवढंच बोलून निघून येणं मला अपुरं वाटतं. ते खरं आहे आणि मी ते बोलतेच, पण त्याच्याबरोबर बसून पुढचंही बोलावं लागतं. नमद्याला, म्हणजे जिनाखालच्या जाड गादीला, जखमेच्या जागी भोक पाडलं तर दाब जाईल का, तर थोडा जाईल पण ही जखम खोल आहे, म्हणून निदान हे पंधरा दिवस नाहीच. भावाची दुसरी घोडी आहे, तिच्यावर मुहूर्त टाकता येतील का, पैसे अर्धे-अर्धे होतील. रिकामी चालवून फक्त पुढे मिरवायची, नवरदेव बसवायचा नाही, असं कुणी ऐकेल का. त्याने भावाला फोन लावला, माझ्यासमोरच, आणि दोघांचं भांडण झालं, आणि मग तीन मुहूर्त भावाकडे गेले. बाकीचे त्याने सोडले. त्या माणसाचं किती नुकसान झालं ते मला माहीत आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी "हे लोक जनावरांचे हाल करतात" असं सरसकट बोललं की मला राहवत नाही.

आणि इथे घोडी भाड्याने घेणाऱ्यांशीही बोललं पाहिजे. तीन तासांसाठी का होईना ती घोडी तुमची असते. डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांच्या माळेशेजारी, डांबरावर, एप्रिलच्या उन्हात उभी असलेली ती घोडी तुमच्या आनंदासाठी उभी आहे. शंभर किलोच्या नवरदेवाच्या मागे भाच्याला बसवू नका. घोडीचा अंदाज असा धरतात की स्वार आणि जीन मिळून तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला सत्तर किलो. घोडीवाला तुम्हाला हे सांगणार नाही, त्याला पुढची सुपारी हवी असते. तोंडातून रक्ताचा फेस दिसला तर नवरदेवाने स्वतः उतरावं आणि चालत जावं. मांडवात कुणाचं काही बिघडत नाही.

फार्महाऊसवाल्यांचा प्रश्न पैशांचा नसतो. तिथे सगळं असतं, पंखा असतो, टाइल्सचा तबेला असतो, परदेशी खाद्य असतं, फक्त दुसरा घोडा नसतो. मुलीसाठी म्हणून एक घोडा आणला, विकताना तो हाडं वर आलेला, गरीब गाईसारखा होता, चार महिने चांगलं खाल्ल्यावर त्याच्यात जीव आला आणि तो चावायला लागला, दिवसभर दाराशी डावीकडून उजवीकडे झुलायला लागला, लाकूड धरून हवा ओढायला लागला. मालक म्हणाले, "ट्रेनर बघा ना चांगला एखादा." मी म्हटलं ट्रेनर नको, सोबत हवी. घोडा कळपाचं जनावर आहे, एकट्याला चोवीस तास चार भिंतींत कोंडलं तर तो वेडापिसा होतो, आणि ही खोड लागली की पुरती जात नाही. एक तर दुसरा घोडा आणा आणि दोघांना रोज मोकळं सोडायला कुंपणाची जागा करा, नाहीतर हा घोडा जिथे चार घोडे आहेत तिथे द्या. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग बाईंनी विचारलं, "म्हणजे आम्ही घोडा पाळायला नको होता का?" मी हो म्हटलं. असं तर नको होता. त्यांना वाईट वाटलं, मुलगी रडली, पण त्या घोड्याला एका रायडिंग क्लबात जागा मिळाली आणि मुलगी तिथे जाऊन शिकायला लागली. प्रत्येक वेळी असं नीट जुळत नाही. काहींनी मला निरोप दिला आणि घोडा अजून तसाच झुलतोय, हे मला त्या गावावरून जाताना दरवेळी आठवतं.

खरेदीआधी तपासायला बोलावतात तेव्हा तर तिढाच असतो. बाजारात लोक भोवरे बघतात, कुठला शुभ कुठला अशुभ यावर तासन् तास चर्चा, पण पाय उचलून खूर कुणी बघत नाही. बघा ना भोवरे, श्रद्धा आहे तर जरूर बघा, पण त्याच वेळात चारही खूर उचला, तळाशी मधला जो त्रिकोणी मऊ भाग असतो तो काळा पडून कुजका वास येतोय का बघा. बाजाराच्या सकाळी दुखणं दाबणारं इंजेक्शन दिलं तर संध्याकाळपर्यंत लंगडं जनावर सरळ चालतं, त्यामुळे सौदा पक्का करण्याआधी दुसऱ्या दिवशी परत बघा असं मी सांगते, आणि घाई करणाऱ्या विकणाऱ्यापासून लांब राहा. आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून झालेली आहे का ते विचारा, हा रोग माणसालाही होतो, आणि पॉझिटिव्ह आला तर कायद्याने घोडा संपवावा लागतो. म्हणूनच लोक तपासणी टाळतात, लपवतात, जनावर रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात विकून टाकतात. नाकातून चिकट पिवळा स्राव, पायावर गाठींच्या माळा दिसल्या आणि मालक म्हणाला "राहू द्या, सर्दी आहे", तर तिथे मी त्याचं मन राखत नाही. सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवते, आणि कळवणार आहे हे त्याला आधी तोंडावर सांगते.

शेवटचं जे आहे ते लिहायला मला सोपं नाही. घोड्याला ओकता येत नाही. त्यामुळे आतड्याला पीळ पडला की सगळं मागे साचतं, आणि पोटशूळ ज्याला आपण म्हणतो तो काही तासांत प्राणावर येतो. एका म्हाताऱ्या घोडीला लोळून लोळून अंगभर जखमा झाल्या होत्या, मी पोचले तेव्हा ती गार घामाने भिजलेली, हिरड्या जांभळट, आणि नाडी, जी घोड्याची मिनिटाला तीस-चाळीस असते, ती शंभराच्या आसपास. त्याआधी कुणीतरी बाटलीने हिंग-ओवा पाजला होता, आणि हे मी हात जोडून सांगते की घोड्याचं डोकं वर करून बाटलीने काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. नाकातून नळी घातली तर पोटातलं पाणी धो धो बाहेर आलं, थोडा आराम पडला, पण गुदाशयातून हात घालून तपासलं तेव्हा आतडं ताठ फुगून पिळलेलं हाताला लागलं. ऑपरेशनची सोय असलेलं ठिकाण फार लांब, आणि ती गाडीत उभी राहण्याच्या अवस्थेत नव्हती.

मालक माझ्या वडिलांच्या वयाचे. घोडी त्यांच्याकडेच जन्मलेली. ते म्हणत होते, "डॉक्टर, सलाईन लावा, रात्र काढू द्या तिला, सकाळी बघू." सलाईन लावणं मला शक्य होतं. त्यांना बरं वाटलं असतं, प्रयत्न केल्याचं समाधान मिळालं असतं. मी त्यांना म्हटलं, बाबा, ही सकाळ बघणार नाही. सलाईनने रात्र लांबेल आणि ती सगळी रात्र हिला असंच दुखत राहील. मी आता हिला मरण देऊ शकते, दोन-चार मिनिटांत, न दुखवता. तुम्ही हो म्हणालात तरच. ते माझ्यावर ओरडले, तुमचं काम जीव वाचवायचं आहे म्हणाले. मी ऐकून घेतलं. घोडी परत खाली पडली आणि भिंतीवर पाय झाडायला लागली तेव्हा ते तिच्या डोक्याशी बसले आणि मान हलवली.

नंतर बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला, त्यांच्या पुतण्याला घोडा घ्यायचा होता आणि मी बरोबर यावं असं त्यांना वाटत होतं. म्हणाले, तुम्ही या, बाकीचे सगळे गोड बोलतात.

तर ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांना एकच मागणं आहे. डॉक्टरला, नालबंदाला, ट्रेनरला "घोडा कसा आहे" असं विचारू नका, त्याचं उत्तर "एक नंबर" हेच येणार. "यात तुम्हाला काय आवडलं नाही" असं विचारा आणि मग मधे न बोलता ऐका. मोतद्दाराला चहा देऊन हेच विचारा, तो रोज चार वेळा पाय धुतो, त्याला सगळ्यात आधी कळलेलं असतं. आणि या रविवारी घोड्याला कडक सपाट जागेवर, वर कुणी न बसवता, दोर ढिला सोडून दुडक्या चालीने सरळ पळवा आणि बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. पुढचा दुखरा पाय जमिनीवर पडताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय पडताना खाली नेतो. डोकं असं वर-खाली होताना दिसलं तर त्याला पेनकिलर देऊ नका, नाहीतर दुखणं झाकलं जाईल आणि मला काही सापडणार नाही, आधी तो व्हिडिओ तुमच्या डॉक्टरला पाठवा आणि त्यांनी येऊन बघेपर्यंत जीन चढवू नका.